कॉस्मेटिक बग

आमच्या धंद्यात बगांच्या जाती असतात. सिस्टीम बंद पडली, पैसे भलत्याच खात्यात गेले, डेटा उडाला, की तो 'क्रिटिकल'. मग रात्री दोन वाजता फोन करून माणसाला झोपेतून उठवायचं. बटणाचा रंग जरा फिका आला किंवा लोगो दोन पिक्सेल डावीकडे सरकला, की तो 'कॉस्मेटिक'. त्याला कुणी हात लावत नाही. तो यादीच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून असतो आणि एक दिवस 'आता राहू दे' असं लिहून कुणीतरी तो बंद करून टाकतं.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांना 'क्रिटिकल' लावलं होतं आणि मोठ्या आईच्या सुजलेल्या पापण्यांना 'कॉस्मेटिक'. ही त्या चुकीची गोष्ट.

(मोठी आई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. पुणेकरांनी 'मोठी काकू' असं वाचावं. पण आमच्या वऱ्हाडात तिला आईच म्हणतात, आणि ती वागतेही तशीच.)

सुरुवात झाली ती एका व्हिडिओ कॉलवर. क्लायंटच्या बाजूची एक मॅनेजर बाई, भली बाई, कॉल संपता संपता मला म्हणाली, "तुझी तब्येत बरी आहे ना? फार दमलेला दिसतोस." मी त्या रात्री चांगला आठ तास झोपलो होतो! कॉल संपला आणि मी स्क्रीनवरच्या स्वतःच्या चौकोनाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. डोळ्यांखाली दोन काळपट अर्धचंद्र. कुणीतरी शाईचं बोट फिरवावं तसे. त्या दिवसापासून कॉलवर मी इतरांकडे बघणं सोडलं आणि फक्त स्वतःकडे बघत बसलो. तुमच्यापैकी निम्मे लोक हेच करतात, उगाच हसू नका.

मग काय, इंजिनिअर माणूस! प्रॉब्लेम दिसला की टूल्स विकत घ्यायची. काकडीच्या चकत्या झाल्या, बटाट्याचा कीस झाला, बदामाचं तेल झालं. कॅफिन असलेलं एक क्रीम आणलं, अंगठ्याएवढी बाटली आणि किंमत महिन्याच्या किराण्याएवढी. आठवड्याभरात फरक पडला नाही म्हणून मित्राने सुचवलेली एक ट्यूब कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणली. त्या भाऊसाहेबांनी चिठ्ठी वगैरे काही मागितली नाही. ट्यूबने मात्र जादू केली. पंधरा दिवसांत काळेपणा उतरला. तीन आठवड्यांनी ती जागा लाल झाली, पाणी लागलं तरी चुरचुरायला लागली आणि ट्यूब बंद केली की दुप्पट काळी व्हायला लागली. तेव्हा कुठे मी खोक्यातला कागद उलगडून वाचला. (आधी मॅन्युअल वाचावं, हे आम्हीच जगाला सांगत असतो.)

आत तीन औषधांचं त्रिकूट होतं: रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन, कातडी सोलणारं ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. स्टिरॉइडने सूज-लाली दबते म्हणून सुरुवातीला छान वाटतं, पण ते फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते. आणि डोळ्याच्या काठावर महिनोन्महिने लावत राहिलं तर मोतीबिंदू आणि काचबिंदूपर्यंत गोष्ट जाऊ शकते. २०१८ साली सरकारने अशा बऱ्याच स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एच मध्ये टाकलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. कायदा आहे. कोपऱ्यावरचं मेडिकलही आहे. असो.

शेवटी निमूटपणे त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई शांत होत्या. त्यांनी आधी ती ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावली. मग हातात टॉर्च घेऊन माझ्या डोळ्यांखालची कातडी बोटाने हलकेच ताणून बघितली आणि जे समजावलं ते मला फार आवडलं, कारण ते चक्क डीबगिंग होतं.

त्या म्हणाल्या, 'डार्क सर्कल' हा एक आजार नाही, एकसारखं दिसणारं आउटपुट आहे. त्यामागे कमीत कमी तीन वेगळी कारणं असतात. एक, कातडीतच रंग जास्त असणं. कातडी ताणली तरी तो रंग तसाच राहतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या लोकांत हाच प्रकार जास्त, आणि तो बहुतेक वेळा घराण्यातून येतो. दोन, खालच्या रक्तवाहिन्या दिसणं. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, साधारण अर्धा मिलिमीटर, आणि तिच्याखाली चरबी जवळजवळ नाहीच. त्यामुळे खालचं स्नायू-रक्त निळंजांभळं होऊन वर दिसतं. अशी कातडी ताणली की निळेपणा आणखी उठून येतो. तीन, चक्क सावली. डोळ्याखाली नाकाच्या बाजूने एक खळगी असते. वयानुसार ती खोल होते आणि वरून उजेड पडला की तिची सावली पडते. समोरून टॉर्च मारला की वर्तुळ गायब! (ऑफिसातल्या छताच्या दिव्यांखाली आपण सगळे आजारी का दिसतो, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.)

"मग झोपेचं काय?" मी विचारलं.

झोप कमी झाली की कातडी फिकी पडते, त्यामुळे जे आहे ते जास्त दिसतं, आणि पापण्या सुजतात. हे नुसतं आजीबाईंचं मत नाही. २०१३ साली स्टॉकहोमच्या संशोधकांनी १० जणांचे फोटो काढले, एकदा नीट झोपल्यावर आणि एकदा ३१ तास जागवल्यावर. ते ४० जणांना दाखवले. जागरणाच्या फोटोंत डोळे लाल, सुजलेले, पापण्या उतरलेल्या आणि खालची वर्तुळं गडद वाटली, शिवाय माणसं दुःखी वाटली. म्हणजे जागरण काळेपणा वाढवतं खरं. पण ज्याची वर्तुळं जन्मजात आहेत त्याने कुंभकर्णासारखं झोपून काढलं तरी ती जाणार नाहीत.

उठताना त्यांनी विचारलं, "घरी वडिलांचे, आजोबांचे जुने फोटो आहेत का? एकदा बघा. तुमची फाइल तिथेच सापडेल."

तर मी श्रावणात अकोल्याला निघालो तो या शोधात. निमित्त अर्थात कावडीचं होतं.

ज्यांनी अकोला पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मोर्णा नदी गावाचे दोन भाग करते. अलीकडे स्टेशन, गांधी रोड, बाजार. दगडी पूल ओलांडला की जुने शहर. असदगड किल्ल्याचे बुरूज, जयहिंद चौक, हरिहरपेठ, डाबकी रोड आणि ग्रामदैवत राजराजेश्वर. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गावातली पोरं पूर्णेचं पाणी आणून राजेश्वराला घालतात. रविवारी रात्री गांधीग्रामला जायचं, पूर्णेत भरणे बुडवायचे आणि अठरा-एक किलोमीटर अनवाणी चालत, खांद्यावर कावड घेऊन परत यायचं. एकेका कावडीला शेकड्याने भरणे लटकवलेले असतात. ढोल, 'हर्र बोला महादेव', रस्त्याच्या कडेने चहा, केळी, साबुदाण्याची उसळ वाटणारे लोक. सोमवारी उशिरापर्यंत कावडी येतच असतात. त्या रात्री जुन्या शहरात कुणी झोपत नाही.

शनिवारी सकाळी महाराष्ट्र एक्सप्रेसमधून उतरून, आमच्या जुन्या धाब्याच्या घराच्या दारात (आता अर्ध्यावर स्लॅब पडलाय) पाय ठेवला तर मोठी आई ओट्यावर गहू निवडत बसली होती. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाणी विचारायच्या आधी म्हणाली,

"काऊन रे बाप्पा, डोये काऊन असे काये पडले तुये? जेवत नाई काय तिकडं?"

झालं! क्लायंट, आरसा आणि आता मोठी आई. तिन्ही एन्व्हायर्नमेंटमध्ये बग रिप्रोड्यूस झाला.

लहानपणी हीच मोठी आई तुपाच्या दिव्यावर वाटी उपडी घालून काजळी धरायची आणि आम्हा सगळ्या पोरांच्या डोळ्यांत बोटाने काजळ भरायची. आम्ही रडायचो. मी म्हटलं, "तू घातलेलं काजळ अजून उतरलं नाही." ती हसली. हसताना तिचे डोळे जवळजवळ मिटले. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. हसताना माणसाचे डोळे बारीक होतातच की.

रविवारी रात्री गेलो, सोमवारी परत आलो. तळपायाची चामडी सोलवटली, खांदा सुजला, आवाज बसला. मंगळवारी सकाळी ओट्यावर चहाला बसलो तर समोरच्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाचे डोळे सुजलेले. दूधवाला, पेपरवाला, शेजारचे काका, माझा चुलत भाऊ, मी स्वतः. सगळ्या जुन्या शहरानेच जणू डोळ्यांखाली पिशव्या बांधल्या होत्या. त्यात मोठी आई चहा घेऊन आली. तिच्याही पापण्या फुगलेल्या, खालच्याही आणि वरच्याही, गव्हाच्या फुगलेल्या पुरीसारख्या.

"मोठी आई, तुझेही डोळे सुजले बघ," मी म्हटलं.

"रातभर जागल्यावर डोये सुजतीनच नाई तं काय," ती म्हणाली आणि पुढे गेली. बरोबरच होतं. इतक्या लोकांत तिच्याच डोळ्यांचं वेगळं काय समजायचं? आमच्याकडे सर्व्हर कोलमडतो तेव्हा लॉगमध्ये एकाच चुकीच्या हजार ओळी येतात, आणि खरी वेगळी एक ओळ त्यांत बुडून जाते. तसंच झालं.

मी आठवडाभर अकोल्यातूनच काम करणार होतो. मंगळवारी दुपारी लाइट गेली, लॅपटॉप झोपला, म्हणून ठरल्याप्रमाणे फोटोंची ट्रंक काढली.

आजोबांचा फोटो तर माजघरात भिंतीवरच होता, जन्मापासून बघत आलेला, पण कधी न पाहिलेला. काळी टोपी, कोट, आणि डोळ्यांखाली दोन काळपट अर्धचंद्र. माझेच! फोटो काढणाऱ्याने रिटच करायचा प्रयत्न केला असावा, तरी ते पुरून उरले होते. मग बाबा, मोठे बाबा, आत्या. एकेका फोटोत तीच शाई. आजोबा आणि मोठे बाबा दोघांनीही जिनिंगमध्ये आयुष्य काढलं. रुईची भुकटी डोळ्यांत जायची आणि दिवसभर डोळे चोळणं चालायचं. डोळे चोळल्यानेही त्या पातळ कातडीत रंग धरतो, हे डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं. त्यात वर अकोल्याचं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथे दुपट्टा न बांधता फिरणारी माणसं आमची. पण मूळ कोड आजोबांचाच, बाकी सगळे नंतरचे पॅच.

मोठ्या बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, "हा आपल्या घराण्याचा शिक्का आहे बाबू. गर्दीत हरवला तरी ओळखू येशील."

खरं सांगतो, दोन महिने जे ओझं वागवत होतो ते त्या एका वाक्याने उतरलं. ज्या चिन्हासाठी मी कातडी जाळून घेतली ते आजोबांकडून आलेली एकमेव वस्तू होती. घड्याळ मोठ्या बाबांकडे गेलं, अंगठी मोडली, हे मात्र मला मिळालं.

मग अल्बम पुढे चाळत गेलो आणि मोठ्या बाबांच्या लग्नाचा फोटो आला. मोठी आई अठरा-एकोणीस वर्षांची. डोक्यावरून पदर, मुंडावळ्या, आणि मोठे, स्वच्छ, बदामी डोळे. खाली एक रेघ नाही. मी तो फोटो बराच वेळ बघत राहिलो. नंतर माझ्या मुंजीचा फोटो, चाळिशीतली मोठी आई, तेच डोळे. चुलत बहिणीच्या लग्नातला फोटो, पाच वर्षांपूर्वीचा. वय दिसतं, पण डोळे तेच.

ती आमच्या घराण्यात लग्न करून आली होती. हा शिक्का तिचा नव्हताच. मग सकाळी जे पाहिलं ते काय होतं?

आता एक कबुली. डोळ्यांबद्दल मी दोन महिने जे अगणित लेख वाचले होते, त्या प्रत्येकाच्या शेवटी एक परिच्छेद असायचा, 'डॉक्टरांना कधी दाखवावं'. तो मी दर वेळी ओलांडून जायचो, कारण तो काळेपणाबद्दल नसून सुजेबद्दल होता आणि मला सूज नव्हती. आता तो आठवला. जागरणाची, खारट जेवणाची, रडण्याची सूज दोन-चार तासांत किंवा फार तर दिवसाभरात उतरते. वयामुळे डोळ्याखालची चरबी पुढे येऊन पिशवी बनते ती कायमची असते, पण ती हळूहळू, वर्षांनी येते आणि बहुतेक खालच्याच पापणीला दिसते. ज्या सुजेने दोन्ही पापण्या रोज सकाळी फुगतात, संध्याकाळपर्यंत उतरतात आणि मग पायावर येतात, ती वेगळी. थायरॉईड मंदावल्यावरही डोळे असे सुजट दिसतात. पण पहिली शंका घ्यायची ती किडनीची.

कारण असं: किडनीच्या गाळणीतून रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन सहसा बाहेर जात नाही. पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवायला ते मदत करतं. गाळणी खराब झाली की ते लघवीतून वाहून जातं, शरीरात मीठ-पाणी साठायला लागतं आणि ते पाणी जिथे कातडी सैल-पातळ असेल तिथे आधी भरतं. रात्री आपण आडवे असतो, म्हणून ते डोळ्यांपाशी येतं. दिवसा उभे असतो, म्हणून पावलांत उतरतं.

बुधवारी सकाळी मी मुद्दाम पाच वाजता उठलो. गल्लीतल्या सगळ्यांचे डोळे जागेवर आले होते. मोठ्या आईचे नाही.

संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती तेव्हा तिच्या पायाकडे पाहिलं. जोडवी बोटांत रुतली होती. मी नडगीवर अंगठा दाबला आणि सोडला. खड्डा तसाच राहिला.

"हे कधीपासून?"

"होळीपासून अशीन. म्हातारपन हाय बाप्पा, दुसरं काय."

होळीपासून! श्रावण चालू होता. आता पुढचा प्रश्न विचारणं आलं. मी आयुष्यात मोठमोठ्या लोकांसमोर प्रेझेंटेशनं दिलीत, पण एवढा कधी अडखळलो नव्हतो.

"लघवीला फेस येतो का?"

ती जरा वेळ गप्प बसली. "येते न. साबनावानी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"असं काई सांगायचं असते काय पोट्ट्याले?"

आणखी एक गोष्ट निघाली. गुडघे दुखतात म्हणून तीनेक वर्षं ती रोज एक वेदनाशामक गोळी घेत होती, कधी दोन. एकदा कुणीतरी लिहून दिलेली, मग नुसता रिकामा पत्ता दाखवला की मेडिकलवाला देत गेलेला. "गोयी घेतली की चालता येते." मला माझी ट्यूब आठवली. दोघांचंही दुकान वेगळं, पण कहाणी एकच. फरक एवढाच की मला तीन आठवड्यांत आरशात दिसलं आणि तिचं तीन वर्षं आत चालू होतं.

गुरुवारी तपासणी झाली. लघवीची साधी तपासणी, तुमच्या एका कॉफीपेक्षा फार महाग नसते. अल्ब्युमिन थ्री प्लस. रक्तदाब १७० वर १००, जो तिने कधी मोजलाच नव्हता. क्रिएटिनिन हद्दीच्या थोडं वर. सोनोग्राफी झाली, किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "माहेर कुठलं?" तिने गावाचं नाव सांगितलं. तेल्हारा तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. डॉक्टरांनी मान हलवली. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारट आहे. मोठी आई सांगायची की माहेरच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायची नाही आणि चहा फाटायचा. तिथल्या बऱ्याच गावांत किडनीच्या रुग्णांची ओरड वर्षानुवर्षं आहे. पण डॉक्टरांनी पाण्यावर सगळं खापर फोडलं नाही. किडनी बिघडवणारी सगळ्यात मोठी दोन कारणं म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब, ते म्हणाले. हिला मधुमेह नाही, पण रक्तदाब किती वर्षांचा कुणास ठाऊक. वर रोजची वेदनाशामक गोळी. आता यातलं कशामुळे किती, हे वाटे करून सांगता येत नाही.

मग एवढंच म्हणाले, "सहा महिने आधी आला असता तर बरं झालं असतं. पण वर्षाने आला असता तर फार वाईट झालं असतं."

त्या सहा महिन्यांचा हिशोब मी नंतर ट्रेनमध्ये केला. त्या काळात मी तिच्याशी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. दर रविवारी! मला काय दिसायचं? मोठी आई फोन नेहमी कपाळाला लावल्यासारखा धरते. मला तिचा भांग दिसायचा, कुंकू दिसायचं आणि मागे छताचा पंखा. डोळे कधी दिसलेच नाहीत. आणि खरं बोलायचं तर दिसले असते तरी मी बघितले नसते. कारण मी कोपऱ्यातल्या त्या छोट्या चौकोनात स्वतःचीच वर्तुळं बघत होतो.

हे लिहायला सोपं नाही, पण लिहिलं.

पुढचं सांगतो. वेदनाशामक गोळी त्याच दिवशी बंद झाली. रक्तदाबाचं असं औषध सुरू झालं की जे प्रथिनांची गळतीही कमी करतं. मीठ कमी झालं, म्हणजे लोणचं, पापड, ठेचा, सगळंच. वऱ्हाडी बाईच्या ताटातून ठेचा काढणं काय असतं ते वऱ्हाडी माणसालाच कळेल. ती आठ दिवस डॉक्टरांना नाही, मला शिव्या देत होती. दीडेक महिन्यात सकाळची सूज बरीच उतरली. क्रिएटिनिन आहे तिथे थांबलंय. ते मागे येत नाही, पुढे जाऊ द्यायचं नाही एवढंच आपल्या हातात. दर तीन महिन्यांनी तपासणी. ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. ती सापडली, असं म्हणू या.

आणि माझी वर्तुळं? ती आहेत. मी आता जे करतो ते फार कंटाळवाणं आहे, तरी विचारणारे विचारतात म्हणून लिहितो:

१. डोळे चोळत नाही. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात, मग चोळतो. त्याऐवजी अधूनमधून लांब बघायचं, पापण्या मिटायच्या. खाज वारंवार येत असेल तर ती अ‍ॅलर्जी असू शकते, तिचं औषध घ्यायचं.

२. उन्हात टोपी, गॉगल, आणि डोळ्यांना न झोंबणारं सनस्क्रीन. अकोल्यात असलो तर दुपट्टा.

३. सकाळी डोळे जड वाटले तर थंड पाण्यात पिळलेला रुमाल दहा मिनिटं. काकडीनेही हेच होतं, कारण काम गारवा करतो, काकडी नाही. उशी जरा उंच, रात्री खारट कमी.

४. महागडं क्रीम बंद. साधं मॉइश्चरायझर. ज्या ट्यूबवर काय लिहिलंय ते कळत नाही ती डोळ्याजवळ न्यायची नाही. रेटिनॉल, व्हिटॅमिन सी वगैरे हवंच असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना विचारून.

५. वर्तुळं एकाएकी आली, एकाच डोळ्याला सूज आली, किंवा थकवा, धाप, फिकेपणा सोबत असेल, तर आरसा सोडून डॉक्टर गाठायचा. रक्त कमी असलं तरी चेहरा फिका पडून वर्तुळं उठून दिसतात.

आणि यादीत न बसणारी एक गोष्ट. घरात पन्नाशीच्या पुढचं जे कुणी आहे त्यांचे डोळे सकाळी सातच्या सुमाराला, चहाच्या आधी, एकदा बघा. तुमच्या लहानपणीच्या अल्बममधल्या डोळ्यांशी ताडून बघा. रोज सुजत असतील तर वय, जागरण, रडणं यांच्या नावावर टाकून मोकळे होऊ नका. रक्तदाब आणि लघवी, दोनच तपासण्या, एका सकाळचं काम.

कॉलवर परवा त्याच क्लायंट बाईंनी पुन्हा विचारलं, दमलायस का. मी म्हटलं, नाही, आजोबांवर गेलोय. बाई काही वेळ विचारात पडल्या.

मोठ्या आईशी कॉल अजून रविवारीच असतो, पण आता सकाळी सातला. अजूनही आधी पंखाच दिसतो.

"मोठी आई, फोन खाली घे. अजून खाली. हां, आता डोळे दाखव."

"पाय बरं," ती म्हणते, आणि स्क्रीनभर ते बदामी डोळे येतात, जरासे जड, पण ओळखू येणारे. "तुये काये काऊन दिसते रे अजून? झोपत जा."